आडव्या पळणाऱ्या गाडीतलं इंजिन

मित्रांनो, नाकं मुरडू नका. भंगाराच्या ढिगात पडलेला हा काळा, तेलकट लोखंडाचा गोळा म्हणजे मी, एका जीपचं जुनं डिझेल इंजिन. तुमच्यातल्या काहींना गाड्या आडव्या पळवायचं वेड लागलंय असं कानावर आलं, म्हणून मुद्दाम बोलतो आहे. गोड बोलायची मला सवय नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याचं कौतुक मी सांगणार नाही, जन्माला सगळेच येतात. पुढे मी शेंद्र्याजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या कडूबांच्या जीपमध्ये आलो. कडूबा मेंढरंवाले. सकाळी कामगारांना कारखान्यावर सोडायचं आणि दोन हजार तेराच्या दुष्काळात दुपारभर पाण्याच्या टाक्या मेंढरांपर्यंत न्यायच्या, हे माझं काम. चढावर मी खोकायचो, धूर ओकायचो, पण पाणी पोचवायचो. कडूबांच्या पत्नी सारजाबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणायच्या, "दमली गं बाय माझी!" त्या हे जीपला म्हणायच्या, दमायचो मी. तरी तेवढी शाबासकी मला पुरायची.

पुढे जीपचा पत्रा कुजला. कडूबांनी जड मनानं ती भंगारात दिली आणि तिथून मला माऊलीनं उचललं. माऊली हा आप्पासाहेबांचा मुलगा. आप्पासाहेबांची जमीन नव्या औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदल्याचा भरपूर पैसा आला, तेव्हापासून माऊलीला काम शोधायची गरज उरली नव्हती आणि तो शोधतही नव्हता. मोबाइलवर त्यानं परदेशातल्या मोटारी धूर काढत आडव्या सरकताना पाहिल्या आणि हे आपल्याला जमेल असं ठरवून टाकलं. अशा लोकांना सगळंच जमेल असं वाटतं.

गारखेड्यातल्या गॅरेजात मला एका जुन्या, लहान मोटारीत बसवायचं ठरलं. ती मागच्या चाकांच्या जोरावर पळायची, म्हणून ती निवडली. अख्ख्या कामात अक्कल वापरली ती एवढीच. मी तिच्या पोटात मावेना, तेव्हा तिथल्या रामहरी मिस्त्रीनं तिलाच कापलं. मला बसायला नवा पाया वेल्डिंगनं जोडला, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आखूड केला, बॉनेटला भोक पाडलं. मला पाण्यानं गार ठेवणारा माझा मोठा रेडिएटर मात्र पुढच्या जाळीमागे बसेना.

"गाडीचाच बारका राहू दे," माऊली म्हणाला. "मोठा लावला तर तोंड लई बेकार दिसंल."

"गरम व्हईल, भाऊ."

"आपल्याला काय मुंबईला जायचंय का? चार गिरक्या मारायच्यात."

रामहरीनं मान डोलावली. एकाला कळत नव्हतं, दुसरा कळून गप्प बसला. मला दोघांचाही सारखाच तिटकारा आला.

त्या दुष्काळानंतर तीन वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला होता. वसाहतीत सिमेंटचे रुंद रस्ते झाले होते आणि दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे होते. माऊलीचे मित्र मोबाइल सरसावून उभे राहिले. पण गाडी काही सरकेना. माझं सगळं वजन तिच्या नाकात, आणि चाकं कोरड्या सिमेंटची पकड सोडेनात. माऊलीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेवढ्यात कडूबांच्या वस्तीवर जाणारा पाण्याचा टँकर आला. माऊलीनं तो अडवला.

"सोड पाणी रस्त्यावर. ओल्यावर सरकंल गाडी."

"वस्तीचं पाणी हाय, भाऊ," ड्रायव्हर म्हणाला. "मेंढरं पाण्यावाचून तटलीत तिथं."

"टँकर कुणाचा हाय? आप्पांना सांगू का?"

टँकर आप्पासाहेबांचाच होता. ड्रायव्हरनं तोटी उघडली.

वस्तीचं पाणी सिमेंटवर पसरलं, गाडी आडवी झाली आणि मित्रांनी शिट्ट्या मारल्या. माझ्यासारख्या पाणी वाहणाऱ्याला हे करायला लागावं! इतकी लाज मला भंगारातही वाटली नव्हती.

टँकर का येईना म्हणून सारजाबाई हंडा घेऊन, मेंढरं हाकत तिथवर आल्या. मेंढरं रस्त्यावरचं पाणी चाटायला धावली. त्यात तेल आणि टायरचं काळं मिसळलं होतं. त्यांना हाकलून सारजाबाईंनी टँकरखाली हंडा धरला. तो अर्ध्याच्या थोडा वर भरला आणि धार संपली.

"रस्ता तर सरळ हाय की रं," त्या माऊलीला म्हणाल्या. "मग गाडी आडवी कशापायी पळवतो?"

तोवर मी उकळायला लागलो होतो. बॉनेटच्या भोकातून वाफ उसळली, तशी माऊलीनं घाईनं मला बंद केलं.

"मावशी, तेवढा हंडा द्या! इंजिन जाईल माझं!"

सारजाबाईंनी वाफेकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं नाही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि हंडा डोक्यावर घेऊन मेंढरांच्या मागे निघाल्या.

मित्रांनो, त्या पाण्यानं मी वाचलो असतो. तरीही त्यांनी ते देऊ नये, असंच मला वाटत होतं. माऊलीनं चिडून पुन्हा किल्ली फिरवली आणि मी कायमचा जाम होऊन पुन्हा भंगारात आलो.

यंत्राची निगा राखा, तेलपाणी बघा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, ते पाणी कुणाच्या तोंडचं आहे हे आधी बघा. आणि माझी कीव करत इथं उभं राहू नका. वस्तीवर जा आणि त्या दिवशी किती मेंढरं तहानलेली राहिली, ते विचारून या. माऊलीनं अजून विचारलेलं नाही.