वाटीभर विरजण

चूक चंदनाचीच. विद्यापीठात जिवाणूंवर संशोधन करणारी एवढी शिकलेली बाई, पण खेड्यात शब्द जपून वापरावा एवढं काही तिला कुणी शिकवलं नाही.

पलूसजवळच्या आक्काताईंची जमीन क्षारानं पांढरीफटक पडलेली. चंदनानं प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू त्या रानात सोडले आणि दुसऱ्याच वर्षी तिथं हरभरा डोलायला लागला! वर्तमानपत्रात फोटोबिटो आले. आक्काताईंनी विचारलं, "पोरी, ह्या बाटलीत हाय तरी काय?"

"जमिनीचं विरजण समजा," चंदना हसत म्हणाली. उरलेलं फेकून द्या, दर वेळी नवी बाटली न्या, हेही तिनं बजावलं. पण विरजण कोण फेकतं? आक्काताईंनी उरलेलं गुळाच्या पाण्यात घातलं, वर फडकं बांधलं आणि बादली चुलीशेजारी ठेवली. रोज थोडं वापरायचं, थोडं राखायचं.

गेल्या आठवड्यात त्याच रानात चरलेल्या शेजारच्या नाथाजीच्या तीन शेळ्या पाय काळे पडून मेल्या. चौकशीला आलेल्या चंदनाला बादली दिसली, तिनं त्यातलं पाणी तपासायला नेलं. आज सकाळी निकाल हातात पडला. तिचे जिवाणू केव्हाच मेले होते. त्यांच्या जागी भलतंच काहीतरी माजलं होतं. कातडीला बारीकशी चीर असली तरी ते आत शिरून मांस सडवतं.

ती धावतपळत आक्काताईंकडे आली. "बादलीला हात लावू नका! आणि खरं सांगा, हे कुणाला दिलंय का?"

"आगं, विरजण मागाया आलेल्याला न्हाई म्हनत्यात व्हय? घरचं दुभतं आटतं तसं केल्यावर." आक्काताई कौतुकानं बोटांवर नावं मोजायला लागल्या. "धोंडुबाईला दिलं. मलकापूरच्या नणंदेला, मेढ्याच्या लेकीला. त्यांनी फुडं कुणाकुणाला दिलं, त्ये काय मला ठावं न्हाई."

चंदना नावं लिहून घेत होती. देवा, ही यादी कुठं संपायची?

"आन तुज्या आईला बी दिलं की! गेल्या पंधरवड्यात जैन बस्तीत दर्शनाला आल्या तवा भेटल्या. परसात वांगी लावल्यात म्हनल्या."

चंदनानं सांगलीला फोन लावला. बऱ्याच वेळानं सुंदरीबाईंनी उचलला.

"आई, आक्काताईंनी दिलेलं ते पाणी तू वांग्यांना घालतेस?"

"रोज घालते की. लय गुण आला बघ." आवाज ओढल्यासारखा येत होता. "तुझ्या शोधाचं कौतुक सांगून मी अख्ख्या गल्लीला वाटलंय."

"परसात चपला घालतेस ना?"

"चपला कशाला गं? कालपासून अंगात कणकण आहे तेवढी. टाचेच्या भेगेत नुसती आग होतीय."

"टाच बघ आई. रंग सांग."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काळी पडलीय बाई," सुंदरीबाई म्हणाल्या. "शेजारची सोनिया म्हणत होती, तिचीपण अशीच झालीय."