साहेबांसाठी राखलेलं पान

माझा जाहीर सत्कार झाला. नारळ फुटला. शाल साहेबांसाठी आणली होती, पण उकाड्यामुळे त्यांनी ती घेतली नाही, म्हणून माझ्या काठीला गुंडाळली. फोटोत मी मधोमध आहे. मित्रांनो, हे घडलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो आणि पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना कामगंध सापळा आहे. जुना म्हणजे एका पावसाळ्याचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे शेजारच्या साच्यातून बादल्या निघायच्या. त्या संसाराला लागल्या, मी फसवणुकीला. वर टोपी, खाली नरसाळं, नरसाळ्याला लांब पिशवी, असा माझा देह. टोपीखाली एक रबरी गोळी बसवतात. तिला मादी पतंगाचा वास असतो. अंधार पडला की नर पतंग नवरदेवाच्या तोऱ्यात येतात, नवरी शोधतात आणि पिशवीत पडतात. असं खोटं लग्न मी रोज लावलं. एकानेही तक्रार केली नाही.

पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, कानिफनाथ आणि पंकजा या नवरा-बायकोची अर्धा एकर कोबी होती. तिथे पिकाच्या हातभर वर मला काठीला बांधलं. आम्ही तिघे सापळे होतो, माझा क्रमांक तीन.

त्यांच्या घरात खुंटीला कोयता टांगलेला होता. दरवर्षी दसरा झाला की मुकादमाची टोळी निघायची आणि हे दोघं ऊसतोडीला जायचे. टोळीत नवरा-बायकोला दोन माणसं म्हणत नाहीत. दोघं मिळून एक कोयता.

"यंदा कोबी निघाली तर कोयता खुंटीलाच," रोपं लावताना पंकजा म्हणाली होती. "सहा-सहा महिने अर्धा कोयता व्हायचं न्हाई मला आता."

"व्हय गं," कानिफनाथ म्हणाला. "मी तरी काय, उरलेला अर्धाच हाय की."

भाद्रपदात माझ्या पिशवीत पतंग वाढले. रोज आठ, दहा, बारा. कानिफनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवायचा आणि पिशवी दाखवायचा. "बघा, लई धरले! आता कशाची अळी न् कशाचं काय!" माझी छाती फुगली. म्हणजे पिशवी फुगली.

खरं काय ते फक्त पंकजाला ठाऊक होतं. गावातल्या शेतीशाळेत ती पुढे बसून ऐकायची. मित्रांनो, मी पोलीस नाही, मी दवंडी देणारा कोतवाल आहे. माझ्यात नर पडतात. अंडी माद्या घालतात, आणि त्यांना माझं काहीच आकर्षण नसतं. पिशवी भरू लागली याचा अर्थ एवढाच, की आता वाकून पानांच्या मागच्या बाजू बघा.

पंकजा वाकली. चौथ्या सरीत तिला ते पान सापडलं. मागून खरवडून खाल्लेलं, जाळीदार, चाळणीसारखं. त्यावर दोनशेच्या आसपास बारीक हिरवट अळ्या खेटून बसल्या होत्या. पाने खाणारी अळी लहानपणी अशीच असते, एका पानावर, एका पंगतीला. चार-पाच दिवसांनी ती पांगते आणि वेगळी चूल मांडते. म्हणून ते एक पान तोडायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं. संपलं. दोनशे अळ्या एका चिमटीत.

पंकजाने चिमूट धरली.

"थांब! तोडू नगंस!" कानिफनाथ पळत आला. "तालुक्याचं शेतीसाहेब येनारेत गुरुवारी. त्यान्ला दावायचंय. असा नमुना सबंध तालुक्यात न्हाई."

"अहो, पांगतील ना त्या!"

"पांगतील कशा? मी हाय की हितं. साहेब खूश झालं तर पुढच्या साली शेततळं मंजूर व्हईल. मग जल्माची ऊसतोड सुटली."

तो वेडा नव्हता, मित्रांनो. त्यालाही कोयता खुंटीलाच हवा होता. आपल्याकडे पहिला आंबा, पहिलं कणीस पाहुण्यासाठी राखतात. त्याने पहिली अळी राखली.

पंकजाने चिमूट सोडली. त्या दोन बोटांकडे ती बराच वेळ बघत होती.

कानिफनाथने पानाच्या देठाला लाल रिबीन बांधली. साळुंक्या येऊन अळ्या टिपू लागल्या, तेव्हा त्याने कोंबड्यांचं डालगं आणून पानावर पालथं घातलं. साळुंक्या फुकट काम करत होत्या, त्यांना हाकललं. शेजारच्या पानांवर निंबोळी अर्क मारायला पंकजा निघाली, तर तोही अडवला. वासाने नमुना बिघडेल म्हणे.

त्याची आई लंकाबाई बांधावर मिसरी लावत बसली होती. ती म्हणाली, "साहेब काय अळीच्या बारशाला येनार हाय व्हय रं?"

गुरुवारी साहेबांना मीटिंग लागली. सोमवारी गाडी नव्हती. बुधवारी ते आले. कानिफनाथने सगळ्यांसमोर डालगं उचललं. खाली लाल रिबीन होती. रिबिनीत पानाच्या शिरा होत्या. अळ्या कधीच डालग्याच्या भोकांतून निघून अर्ध्या एकरात पांगल्या होत्या. आता त्या बोटाएवढ्या, मानेवर काळे डाग असलेल्या. दिवसा ढेकळाखाली आणि गड्ड्यात लपायच्या, दिवस मावळला की जेवायला बसायच्या. गड्ड्यात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही.

साहेबांनी शिरांचा फोटो काढला. "छान जपलंय," म्हणाले. मग माझी पिशवी पाहिली आणि खूशच झाले. नारळ, शाल, वगैरे. ते तर घडलंच नाही, असं आपलं ठरलंय.

"साहेब, शेततळं?" कानिफनाथने विचारलं.

"अर्ज करा," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

कोबीला बाजारात कुणी हात लावला नाही. शेवटी मेंढरं सोडली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजली, तेव्हा कोयत्याला हळदकुंकू लागलं. मला कुणी बोलावलं नाही. चार दिवसांनी ट्रॅक्टर आला. कानिफनाथ खाली बघत चढला. पंकजा चढायच्या आधी माझ्याजवळ आली आणि तिने पिशवीची गाठ सोडून वाळके पतंग मातीत सांडले. "तू सांगितलं हुतंस," म्हणाली, "मीच हात मागं घेतला." मग अर्धा कोयता गाडीत चढला.

माझी गोळी केव्हाच वास सोडून बसली आहे. टोपीत लंकाबाईच्या कोंबड्या पाणी पितात. मित्रांनो, जाळीदार पान दिसलं की तोडा. कुणाला दाखवत बसू नका. आणि तुमच्यापैकी कुणी तालुक्याला जाणार असेल, तर माझा एवढा कागद आवक-जावकला द्या, पोच घ्या:

विषय: नमुना जतन करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सौ. पंकजा यांना पुढील हंगामातील पाहणीयोग्य नमुना म्हणून घोषित करावे. त्यांच्या हाताला लाल रिबीन बांधून, आपला दौरा होईपर्यंत त्यांना मुकादम, टोळी वा अन्य कोणीही जागेवरून हलवू नये, असे आदेश व्हावेत. आपण सवडीने यावे. आला नाहीत तरी चालेल.

आपला विश्वासू,
सापळा क्रमांक तीन