हापसा लाल केल्यावर

बेरीज जुळत नाही.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे दोन गट असतात, धन आणि ऋण. पाणी कुठलंही असो, गोमतीचं, नाल्याचं, देवाच्या कलशातलं, दोन्ही गटांचा भार सारखाच भरतो. नाही भरला तर चूक मोजणाऱ्याची. पाण्याला चुकता येत नाही.

अमौसीच्या एका हापशाचा भार एका बाजूला कलंडलाय. नायट्रेट इतकं, की

मंजिरी पाटणकर खुर्ची मागे ढकलते. उठते. पुन्हा बसते.

अहवाल तर कधीच गेला.

*

मंजिरी भूजलाची शास्त्रज्ञ. नागपूरला काळ्या पाषाणातलं पाणी मोजण्यात बरीच वर्षं गेली. मग नवऱ्याची, अभिजितची, रेल्वेत बदली झाली आणि आलमबागच्या क्वार्टरमध्ये राहून ती इथल्या गाळाच्या मातीतलं पाणी मोजू लागली. काम असं: लखनौच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमधल्या हापशांचं पाणी तपासायचं. बहुतेक सगळे चांगले निघाले. अमौसीला विमानतळाच्या भिंतीमागचा एक सोडून. त्यात नायट्रेट मर्यादेच्या वीसपट.

नकाशावर सगळे ठिपके हिरवे, एक लाल. बैठकीत सगळे त्या लाल ठिपक्याकडेच बघत होते. हिरव्याकडे कोण बघतं?

बैठकीच्या आदल्या दिवशी सौरभ, तिचा ज्युनियर, म्हणाला होता, "मैम, बैलेंस नहीं बैठ रहा."

"हॉटस्पॉट है यार. हॉटस्पॉट का कब बैठता है?"

असं ती म्हणाली होती. मोठ्याने. खोलीतले सगळे हसले होते.

*

पण मीठ कुठंय?

सांडपाणी जमिनीत मुरलं की नायट्रेट येतं, आणि त्याच्यासोबत मीठ येतंच. जोडीनेच येतात. इथे मीठ नाहीच्या बरोबर. एकटं नायट्रेट आलं कुठून?

शीतकपाटात त्या हापशाची बाटली अजून आहे. तळाशी बोटभर पाणी. मंजिरी पीएचची पट्टी बुडवते. लखनौचं जमिनीतलं पाणी खारट-तुरट असेल, जड असेल, पण आंबट नसतं. पट्टी हिरवी व्हायला हवी.

पट्टी लाल होते.

दुसरी पट्टी.

लाल.

"सौरभ! इस बोतल में ॲसिड किसने डाला?"

सौरभ दारात येऊन थांबतो. बाटलीकडे बघतो, मग तिच्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. अदब म्हणजे काय ते लखनौच्या पोरांकडून शिकावं.

*

नमुने घेतले त्या दिवशी काय झालं ते असं.

प्रत्येक हापशाच्या दोन बाटल्या भरायच्या. एक साधी. दुसरीत दोन थेंब नायट्रिक ॲसिड, म्हणजे लोह-आर्सेनिक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाही. नायट्रेट मोजायचं ते साध्या बाटलीतून. ॲसिडच्या बाटलीतून मोजलं तर आपणच घातलेलं मोजू; नायट्रिक ॲसिड म्हणजे निव्वळ नायट्रेट. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं.

नागपूरला ॲसिडच्या बाटलीला लाल झाकण. लाल म्हणजे जपून.

लखनौला ॲसिडच्या बाटलीला निळं झाकण. लाल झाकण साधं.

सगळे हापसे सौरभने केले. फक्त त्या वस्तीत ती म्हणाली होती, "हटो, एक मैं करती हूँ. हाथ भूल गए हैं." हात विसरले नव्हते. हातांना नागपूर पाठ होतं. ॲसिड लाल झाकणात गेलं, निळ्यातलं पाणी कोरं राहिलं; त्यातलं नायट्रेट आता मोजलं तर मर्यादेच्या आत.

*

"रिपोर्ट वापस लें?" विभागप्रमुख चतुर्वेदी सर चष्मा काढतात. "मैडम, आप समझ रही हैं क्या कह रही हैं?"

"सर, वो नल ठीक है. ग़लती मेरी है."

"तो बंद ही तो हुआ है. बंद नल से आज तक कोई मरा है? आप ख़राब को अच्छा लिख देतीं, तब मैं आपको ख़ुद सूली पर चढ़ाता. आपने अच्छे को ख़राब लिखा है. ये तो एहतियात हुई, सावधानी. अगली बैठक में ग़लती सुधार देंगे."

"अगली बैठक?"

"बरसात के बाद. चाय पीजिए."

ती चहा पिते. सरांचं म्हणणं चुकीचं नाही. जिना उतरताना ते आणखी पटतं. बंद हापशाचं पाणी कुणी पीत नाही, म्हणजे कुणाला काही होत नाही, म्हणजे

मग पितात काय?

जिन्यातच थांबते. खालून सौरभ वर येतोय.

"गाड़ी निकालो. किट भी रखो. अभी."

*

वस्तीत शिरल्यावर पहिल्यांदा विमान ऐकू येतं, मग माणसं. दर थोड्या वेळाने एक विमान इतकं खालून जातं की बोलणं मधेच तोडावं लागतं. इथल्या लोकांना सवय आहे. विमान आलं की तोंड उघडं ठेवून थांबतात आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतात.

हापसा लाल रंगवलाय. दांडा काढून नेलेला. नुसतं डोकं, चोचीसकट.

"आप ही थीं ना?" बाजेवर बसलेली म्हातारी विचारते. ही फूलमती. हापसा तिच्या दारासमोर. "बोतल वाली मैडम. आप आईं, फोटो खिंचा, फिर लाल पुताई वाले आ गए."

"हाँ चाची. मैं ही थी. अब पानी कहाँ से लाते हैं?"

"काहे? उसका भी फोटो खींचोगी? उसको भी बंद—"

विमान.

"—करवाओगी?"

सून आतून बाहेर येते. पूनम. कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ, काजळाने डोळे भरलेले. ती हाताने दाखवते: तिकडे, नाल्याच्या काठी. छोटा हापसा, कुणीतरी खासगी बसवलेला, उथळ. त्याच्या शेजारून वस्तीचं सगळं सांडपाणी काळ्या लोण्यासारखं सरकतंय. तो अभ्यासात नव्हता, कारण सरकारी नव्हता. त्याच्यावर रंग नाही. त्याच्याबद्दल कुणी काही वाईट बोललेलं नाही.

"मुन्ने को भी वही पानी?"

"ऊपर का दूध पीता है ना. डिब्बे वाला. पर दीदी, मैं ऐसे नहीं देती," पूनम घाईने सांगते. "ख़ूब उबालती हूँ. आधा रह जाए तब तक."



उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे दाट होतं. ते तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. ओठ निळे पडतात. बाळाचे ओठ कसे आहेत? ती वाकून बघते. बरे आहेत. की सावलीत कळत नाहीत? बाळ तिला बघून हसतं. हसताना गुलाबी दिसतात. मग पूनम वळते आणि पुन्हा सावली.

"सौरभ, उस छोटे नल का पानी. किट से. यहीं."

*

काचेची छोटी नळी. पुडी. हलवणे. थांबणे.

थांबताना काय करायचं असतं? सौरभ घड्याळाकडे बघतो. मंजिरी नाल्याकडे, नळीकडे, बाळाकडे. जमलेल्या बायका मंजिरीकडे.

जितकं नायट्रेट, तितका गुलाबी रंग. नळीतलं पाणी गुलाबी होतं. थांबत नाही. होळीच्या दिवशीच्या बादलीसारखं होत जातं.

"अरे वाह," एक मुलगी म्हणते.

*

"अभिजित, हापसा उघडता येतो का तुला?"

"नमस्कार. मी बरा आहे. तू कशी आहेस?"

"चेष्टा नको. दांडा काढलाय, तो बसवायचाय. अमौसीला ये. मोठे पाने घेऊन ये, रेल्वेचे. आणि घरून पिण्याच्या पाण्याचा कॅन भरून आण."

"पाणीवाल्या बाईला पाणी हवंय?"

"अभि."

आवाजात काय होतं कोण जाणे. तो म्हणतो, "निघालो."

मग ती गाडीच्या बॉनेटवर टेकून मोबाइलवर पत्र लिहिते. ज्यांना ज्यांना अहवाल गेला त्या सगळ्यांना. चतुर्वेदी सरांनाही. *नमुना घेताना माझ्याकडून चुकीच्या बाटलीत ॲसिड पडलं. बंद केलेला हापसा सुरक्षित आहे. नाल्याकाठचा उथळ हापसा असुरक्षित आहे, त्याचं पाणी लहान मुलांना देणं ताबडतोब थांबवावं.* शुद्धलेखन बघत नाही. पाठवते. लगेच फोन वाजायला लागतो. सरांचं नाव. ती फोन उलटा ठेवते, तो बॉनेटवर थरथरत राहतो.

*

आता हे तोंडाने सांगायचं. पत्र सोपं होतं.

"चाची, सब लोग, सुनिए. ये नल ठीक है. मैंने जाँच में ग़लती की थी. मेरे हाथ से—"

विमान.

सगळे थांबतात. तीही तोंड उघडं ठेवून थांबते. विमान जातं.

"—ग़लत बोतल में तेज़ाब पड़ गया था."

"तेज़ाब?" फूलमती बाजेवरून उतरते. "नल में तेज़ाब डाला?"

"नल में नहीं, चाची. बोतल में."

"बोतल में काहे डाला?"

"डालते हैं. जाँच के लिए."

"पानी में तेज़ाब डाल के देखती हो कि पानी ठीक है कि नहीं." फूलमती बायकांकडे वळते. "पढ़ाई देखो."

हशा पिकतो. मंजिरीला समजावून सांगायचं असतं. लोह, आर्सेनिक, बाटलीची भिंत. ती "देखिए" म्हणते आणि ते सोडून देते. आत्ता त्याचा काय उपयोग?

"और वो वाला नल," ती नाल्याकडे बोट दाखवते, "वो ख़राब है. मुन्ने को मत देना. उबाल के भी नहीं. उबालने से और बिगड़ता है."

हे ऐकून हशा थांबतो. पूनम बाळाला घट्ट धरते.

"पहले बोलीं ये ज़हर है," फूलमती सावकाश म्हणते. "हम उधर गए. अब बोलती हो वो ज़हर है, इधर आओ. और अब उबालना भी पाप. परसों क्या बोलोगी, बिटिया?"



*

अभिजित घामाघूम येतो, हातात दोन पाने, खांद्यावर कॅन. लाल हापसा बघतो. "हा? ह्यावर तर बंद लिहिलंय."

"ते माझ्यामुळे लिहिलंय."

"आणि उघडायची परवानगी?"

"तीही माझीच."

"म्हणजे नाही." तो गुडघ्यावर बसतो. "सांगलीत आजोबांनी शिकवलं होतं, दुसऱ्याच्या हापशाला हात लावू नये. दांडा कुठंय?"

दांडा फूलमतीच्या घरात निघतो. "वो लोग यहीं फेंक गए थे. बकरी बाँधती हूँ," ती म्हणते, आणि बकरी सोडून दांडा देते. देते खरी, पण पुढे येत नाही. बायका अर्धवर्तुळ करून उभ्या. अभिजित बोल्ट आवळतो. सौरभ साखळी धरतो.

"हो गया," अभिजित म्हणतो आणि बाजूला होतो. "आता तू."

मंजिरी ओढणी कमरेला बांधते आणि हापसायला लागते.

कोरडा खडखडाट. पुन्हा. आतून घशासारखा आवाज. मग पाणी येतं.

लाल.

गंजाचं, विटकरी. इतके दिवस पाइपात नुसतं उभं राहिलेलं. तिला माहीत आहे, हे असंच येतं. तिने बायकांना आधी सांगायला हवं होतं. सांगायचं राहिलं.

"देखो," मागून कुणीतरी म्हणतं. "देखो, लाल ही निकला."

एक बाई बादली उचलून निघते. मग दुसरी. मंजिरी त्यांना थांबवत नाही. ती हापसते. बोलण्याचा उपयोग संपलाय. हापसलं तर आतलं शिळं पाणी निघून जाईल आणि खालच्या वाळूतलं येईल, एवढंच आता तिच्या हातात आहे. लालचं केशरी होतं. केशरीचं पिवळं. खांद्यात कळ येते. अभिजित पुढे होतो, "दे मला."

"नको."

"मंजू, हात सोलतील."

"नको म्हटलं ना."

पिवळं फिकं होतं. गढूळ. कमी गढूळ. सौरभ मधेच नळी भरून घेतो, पुडी टाकतो, हलवतो, उन्हात धरतो. रंग चढतो, अगदी किंचित.

"गुलाबी तो ये भी है," पूनम म्हणते. ती अजून उभी आहे, बाळासकट.

खोटं बोलता येईल. नाहीये म्हणता येईल.

"थोड़ा है," मंजिरी हापसतच म्हणते. धाप लागलीय. "थोड़ा सब में होता है. इतना चलता है."

"मुन्ने को?"

"चलता है. मगर अभी उसको, वो कैन है ना, वो घर का पानी है, आज उसमें से दो. कल फिर लाऊँगी. परसों भी. जब तक तुम कहो."

पूनम कॅनकडे बघते. मग चोचीतून पडणाऱ्या पाण्याकडे. पाणी आता स्वच्छ आहे, निदान दिसतं तरी तसं. ती बाळाला फूलमतीच्या हातात देते, अभिजितसमोरचा कॅन उचलते, आत जाते.

मंजिरी हापसत राहते. कुणासाठी ते कळत नाही. समोर आता फूलमती, बकरी, सौरभ आणि अभिजित.

पूनम बाहेर येते. हातात पातेलं नाही, बाटली नाही. बाळाच्या मळलेल्या लंगोटांची बादली आहे. ती बादली चोचीखाली सरकवते, उकिडवी बसते, साबणाची वडी हातात घेते आणि घासायला लागते. पाणी तिच्या मनगटांवरून वाहतं. ती त्याचा वास घेते. पुन्हा घासते.

मंजिरीचा हात नकळत थांबतो.

"रुक क्यों गईं?" पूनम मान वर न करता म्हणते. "चलाइए दीदी. साबुन लगा है."