घोंगडीखालचे पाय

लालासाहेब येताना दिसले तसा हरिबाने कासरा सोडला, चटकन खाली बसकण मारली आणि पायांवर घोंगडी ओढून घेतली. बैल एकटाच शाळेच्या कुंपणाकडे निघाला. त्याला अडवायलाही हरिबा उठला नाही.

यजमानाला पाय दाखवायचे नाहीत, ही हेळव्याची रीत. हेळवा म्हणजे कानडीत पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता, बैलावर बसून घरोघरची कुळे, म्हणजे वंशावळी, गात फिरला. म्हणून त्याच्या वंशातल्या धडधाकट माणसानेही पाय झाकूनच गावात शिरायचे. हरिबाचा बाप भरमा असाच फिरला, आजाही. सांगलीहून निघून उंब्रजपर्यंतची गावे, आणि गावातली घरे, त्यांच्या जिभेवर होती. कागद कुणाकडेच नव्हता.

"उद्या सकाळी आमच्याकडं," लालासाहेब उभ्यानेच म्हणाले.

"व्हय मालक."

"गेल्या साली गायलास तसंच गायचं. एक शबूद इकडचा तिकडं हू द्यायचा न्हाई."

हरिबा घोंगडीचा काठ चाचपत राहिला.

"आमच्या घरात चार पिढ्या फौजेचा पगार खाल्लाय. पाठीत गोळी कुणाच्या न्हाई. आन हात वर केल्यालाबी कुणी न्हाई. कळलं न्हवं?"

एवढे बोलून ते वळले. पेन्शनीत निघून इतकी वर्षे झाली तरी हवालदाराची चाल गेली नव्हती. त्यांनी वेस ओलांडली तेव्हा हरिबा उठला आणि बैलाला धरून आणला.

गेल्या साली त्याने काय गायले होते ते साऱ्या गावाला माहीत होते. चीनच्या लढाईनंतर तार आली, की लालासाहेबांचा मानसिंग सापडत नाही. महिना वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. हरिबाने कुळात गायले, "मानसिंग हिमाच्या रणात पडला." बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले होते. आणि उन्हाळ्यात चीनने कैदी सोडले. मानसिंग आला. डाव्या पायाची बोटे बर्फाने खाल्ली होती. लालासाहेबांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवले. माझ्या लेकाचा दहावा झालाय, म्हणाले. शालूबाईने मात्र आतून आपले गाठोडे आणले आणि नवऱ्याच्या मागोमाग पायरी उतरली.

दोघे आता सांगलीजवळ माधवनगरात होते. मानसिंग गिरणीच्या फाटकावर राखणीला बसायचा. येताना हरिबा तिथे थांबला होता. खोलीत साडीची झोळी टांगलेली होती आणि झोळीत तान्हे पोर होते. मानसिंगने त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिले. निघताना एवढेच म्हणाला,

"माझं सोड रं हरिबा. मी मेलोच म्हण. पर ह्याचं नाव कुणाच्या पोटी लावशील?"

वाटभर हरिबा तेच घोळवत आला होता. मेलेल्या माणसाला सालभराने लेक कसा होईल? गावाने मग शालूबाईला काय म्हणायचे?

सोपानगुरुजी वैरणीची पेंढी घेऊन आले. शाळेच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. पेंढी बैलापुढे टाकून ते हरिबाशेजारी शाळेच्या पायरीवर टेकले.

"काय म्हणत होते लालासाहेब?"

हरिबाने सांगितले. गुरुजींनी मातीतली एक काडी उचलली.

"तुमचा बैल आमच्या वस्तीत कधी वळला नाही, हरिबा," ते हसून म्हणाले. "बाबासाहेबांच्या मागं गेल्यापास्नंच काय ते आमचं कूळ सुरू झालं. म्हणून मी सल्ला द्यावा असं नाही. पण तुमच्याच धंद्यातला एक माणूस मला माहीत आहे. चिनी होता. वर्गात त्याची गोष्ट सांगितली म्हणून लालासाहेबांनी मला चावडीवर उभं केलं होतं. ऐकणार?"

"सांगा की. बैल काय चहाडी करत न्हाई."

"दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा बाप राजाच्या दरबारात होता. जुन्या राजांच्या हकिकती गोळा करायचा. पोरगा विशीत आला आणि देश फिरायला निघाला. नद्या, डोंगर, जुन्या लढायांच्या जागा. म्हाताऱ्यांपुढं बसायचा आणि विचारायचा, तुमच्याकडं काय सांगतात?"

"पायी?"

"ते काही माझ्या वाचण्यात आलं नाही. तुमच्यासारखा बैल नसावा." गुरुजींनी काडीने मातीत एक रेघ ओढली. "बाप मरायला टेकला तेव्हा त्यानं लेकाचा हात धरला आणि रडला. म्हणाला, माझं राहिलेलं तू पुरं कर."

हरिबाचा हात आपोआप मनगटावर गेला. भरमा कृष्णाकाठी, रस्त्यातच गेला होता. मरताना त्यानेही हात असाच धरला होता आणि म्हणाला होता, भूक लागंल, मार बसंल, पर मेल्याला जित्ता करू नगंस आन जित्त्याला मारू नगंस.

"मग?"

"मग राजाचा एक सेनापती सरहद्दीवर अडकला. माणसं थोडी, बाण संपले. शत्रूच्या हाती सापडला. दरबारात जो तो त्याला शिव्या द्यायला लागला. ह्या एकट्यानं सांगितलं, की तो होईल तेवढं लढला होता."

"राजानं ऐकलं?"

"राजानं मरणाची सजा दिली. मरायचं नसेल तर..." गुरुजी थांबले आणि त्यांनी बैलाकडे पाहिले. "बैलाला करतात तसं."

"खच्ची?"

"हं. इज्जतदार माणसं अशा वेळी मरण पत्करायची. ह्यानं दुसरं पत्करलं. बापाचं काम अर्धं राहिलं होतं. जन्मभर लोकांनी तोंडं फिरवली, आणि तो लिहीत राहिला."

बैल सावकाश वैरण चावत होता. हरिबाने त्याच्या वशिंडावर हात फिरवला.

"नाव काय म्हणायचं त्याचं?"

"सिमा छ्येन."

"शिमाच्यान," हरिबा पुटपुटला. त्याच्या जिभेवर ते नाव नीट बसेना. पण त्याने ते आणखी एकदा म्हणून पाहिले.

सकाळी लालासाहेबांच्या दारात भावकी जमली होती. सुपात शिगोशीग शाळू, त्यावर नवे धोतर. लालासाहेबांची बायको येसूबाई तांब्याची घागर घेऊन पायरीशी उभी होती. कूळ गाऊन झाले की घरच्या बाईने बैलाचे पाय धुवायचे. पाय धुतले म्हणजे घराने ते कूळ मानले.

बैलावर बसूनच हरिबाने घंटा हलवली आणि सुरू केले. मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला, कुठल्या ओढ्याला उतरला, कुणी विहीर खणली, कोण पटकीत गेले. नावातून नाव निघत होते. जोत्यावर लालासाहेब मिशीला हात लावून ऐकत होते.

"लालासाहेबाच्या पोटी मानसिंग," हरिबाने म्हटले, आणि घंटा थांबली.

कुणीतरी खाकरले.

"मानसिंग हिमाच्या रणात गेला," हरिबा गाऊ लागला. त्याचा आवाज खाली आला होता. "रणातनं माघारी आला. मानसिंगाच्या पोटी, शालूबाईच्या कुशीला, लेक आला. नाव आज्ज्यानं ठेवायचं हाय."

येसूबाईच्या हातातली घागर कलली. पाणी पायरीवरून ओघळत अंगणात गेले, तरी तिच्या ध्यानात आले नाही. ती हरिबाकडे पाहत होती.

लालासाहेब ओरडले नाहीत. ते उठले, धोतरासकट सूप उचलले आणि आत नेऊन ठेवले. परत उंबऱ्यात येऊन म्हणाले,

"हेळव्या, ह्या दारात तुझा बैल आजपास्नं नगं. भावकीतबी कुणाच्या नगं." मग बायकोकडे न पाहता, "आत हो."

येसूबाई आत गेली. भावकी एकेक करून उठली. एक म्हातारा जाता जाता म्हणाला, "आरं, गेल्या सालचं गायला तुझ्या बाचं काय जात हुतं गड्या?"

ज्या दाराने हेळव्याला तोडले, तिथून त्याने बैलावर बसून निघायचे नाही, असे भरमा सांगायचा. भरमावर ती वेळ आली नव्हती. हरिबाने घोंगडी बाजूला केली, पाय सोडले आणि खाली उतरला. अंगण भिजलेले होते. पाय चिखलात उमटले.

गल्लीत पोरांनी एकच कालवा केला.

"हेळव्याला पाय हायत! आरं, हेळव्याला पाय हायत!"

ती वेशीपर्यंत मागे आली. दारादारांतून माणसे पाहत होती. शाळेपुढे गुरुजी उभे होते. त्यांनी पोरांना हाक मारली, तशी पोरे पांगली. हरिबा पुढून गेला तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

ओढ्याच्या उताराला मागून हाक आली.

"हरिबा, थांब रं. दम लागलाय."

येसूबाई होती. डोक्यावर धुण्याची पाटी, काखेत तीच घागर. धुण्याला म्हणून निघाली असावी. तिने पाटी खाली ठेवली, ओढ्याचे पाणी घागरीत घेतले आणि बैलापुढे उकिडवी बसली. पुढचे पाय धुतले. मग मागचे. खुरांतला चिखल तिने बोटाने काढला. बैल हलला नाही.

पाटीतल्या धुण्याखालून तिने एक कुंची काढली. जुनी, विटलेली, कडेला तांबडी किनार.

"मानसिंगाची हाय. ठेवली हुती."

हरिबाने ती घोंगडीच्या घडीत ठेवली.

"चालतोय का त्यो?"

"चालतोय, आवं. हळू चालतोय."

तिने मान हलवली. मग पाटीतले एक धुणे उचलून दगडावर घासू लागली. ते कोरडेच होते.

हरिबा पलीकडे गेला. पुढच्या गावची वेस तिथून दिसत होती. तिथेही लालासाहेबांचे सोयरे होते, सांजेच्या आत त्यांना कळणार होते. त्याने बैलाचा कासरा हाती घेतला. पाठीवर घोंगडी होती, बसायला जागाही होती. पण तो सांगलीच्या वाटेने पायीच चालू लागला.