बोललेलं वजन

बाबांनी सगळ्यांची वजनं तोंडीच सांगून टाकली. "मी पंच्याहत्तर, तुझी आई अठ्ठावन्न, आत्या अठ्ठ्याहत्तर. लिही आणि चल."

मुलीने पेनाचं टोपणही काढलं नाही. फ्लाइंग क्लबच्या शेडमधला वजनकाटा तिने पायानेच पुढे सरकवला. "एकेकाने उभं राहा. चपला, पर्स, सगळ्यासकट."

"बापाला काट्यावर चढवतेस?"

"विमानाला बाप कळत नाही, बाबा. किलो कळतात."

बाबा शिंपी होते. दुकानात त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायची, मोठ्याने दोन इंच कमी सांगायचं आणि वहीत खरं माप लिहायचं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, कपडाही नीट बसायचा. लहानपणी ती वही धरून शेजारी उभी असायची. त्यामुळे बाबांच्या तोंडचा आकडा तिने जन्मात कधी खरा धरला नव्हता.

काट्यावर बाबा एक्क्याऐंशी भरले, आई चौसष्ट, आत्या एकोणनव्वद.

"बिघडलाय मेला," आत्या काट्यावरून उतरत म्हणाली. "नाहीतर मीच बिघडलेय. कुणी हसू नका."

कुणी हसणार नव्हतंच. काकांच्या गावाला जाताना या घरात हसत नसत. अकरा वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि बाराव्या दिवशी काकांनी त्यांचं शिलाई मशीन टेम्पोत घालून नेलं. दोघे भाऊ त्याच मशीनवर शिकले होते. तेव्हापासून बोलणं बंद. नऊ तासांचा प्रवास करून त्याचं तोंड बघायला जाणार नाही, असं बाबा म्हणायचे. आता मुलीला लायसन्स मिळून आठ महिने झाले होते, चार जणांचं विमान तासाच्या भाड्याने मिळत होतं आणि नऊ तासांचे दोन तास झाले होते. बाबांची सबबच गेली.

तिने कागदावर हिशोब मांडला. काकांच्या गावची धावपट्टी गवताची, आखूड, टोकाला उंच झाडं. तिथे इंधन मिळत नाही, परतीचंही इथूनच न्यायचं. दुपारच्या तापलेल्या हवेत विमान उशिरा उचलतं. सगळं धरून परतीला चार किलो शिल्लक राहत होते.

"चार किलो," तिने तिघांना सांगितलं. "येताना कुणी काही घ्यायचं नाही. घेतलं तर झाडांवरून जाणार नाही आपण, झाडांत जाऊ."

"ऐकलं," बाबा म्हणाले, आणि खिडकीकडे बघत बसले.

काकांच्या घरात पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. जेवणं झाली ती भांड्यांच्या आवाजात. काकूंनी वाढलं, आईने "पुरे" म्हटलं, एवढाच संवाद. मग बाबांनी हात पुसले आणि अकरा वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले.

"मशीन न्यायला आलोय."

आईने डोळे मिटले. काका मात्र हसले. उठले, कोपऱ्यातल्या मशीनवरचं कापड काढलं, पट्टा सोडवला, स्क्रू ढिले केले आणि काळं लोखंडी डोकं आणून बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. टेबल करकरलं.

"ने की, दादा. अकरा वर्षं तेल घातलंय, एक दिवस चुकवला नाही. ने." मग मुलीकडे वळून म्हणाले, "काय कॅप्टनबाई, जाईल ना तुमच्या विमानात?"

मुलीने आत्याकडे पाहिलं. आत्या पाण्याच्या ग्लासात बघत होती. चार किलोंची गोष्ट सकाळपासून तिच्या पोटात राहिली असती तरच नवल; काकांच्या कानावर ती गेलीच होती.

"नाही जाणार," मुलगी म्हणाली.

"बघ," काका म्हणाले. "मी द्यायला तयार आहे. तुझ्या घरचेच नेऊ देत नाहीत."

बाबांनी भावाकडे पाहिलंच नाही. ते मुलीकडे बघत राहिले. सकाळपर्यंत काकांच्या वाट्याचा असलेला सगळा राग त्या नजरेत होता.

चार वाजता सगळे धावपट्टीवर आले. काकाही आले, स्कूटरवरून, निरोपाला म्हणून. तिघे आत बसल्यावर विमानाला फेरी मारताना मुलगी पुढच्या चाकापाशी वाकली. त्या चाकाच्या दांड्याचा चकचकीत भाग सगळे बसल्यावर चार बोटं दिसतो. तिने बोटं लावली. सहा भरली. नाक वर होतं, म्हणजे शेपूट जड होती.

"मागे काय ठेवलंय?"

"माझा स्वेटर," बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले.

"स्वेटरखाली?"

"डबा दिलाय काकूने. असेल दोनेक किलो."

तिने वजनांचा कागद आणि पेन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "लिहून द्या."

"तुझा विश्वास नाही बापावर?"

"लिहिलेल्यावर आहे."

बाबांनी पेन हातात घेतलं. त्यांचा हात बराच वेळ कागदावर थांबला. उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीचं माप लिहिलं नव्हतं. एकदा कापलेलं कापड परत जुळत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, साडेबारा.

"खाली ठेवा ते."

"त्याच्यासमोर?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. काका स्कूटरला टेकून उभे होते. "मी मशीन परत त्याच्या हातात देऊ? मरेन त्यापेक्षा."

"चौघंही मरू."

"मी उतरते," मागून आत्या म्हणाली, तोंडदेखलं. "एकोणनव्वद किलोंची सोय होईल."

"उतर मग," बाबा लगेच म्हणाले.

"वा रे वा! लोखंड हवं, बहीण नको! मी नाही राहणार त्याच्या घरी. काकूची जीभ ठाऊक नाही तुला?"

बाबांनी मान वळवून आईकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या नजरेवर आई उठत आली होती. आईने पट्टा ओढला आणि खटकन लावला.



"बापाला टाकून जाशील?" बाबांनी विचारलं.

सूर्यास्ताच्या आत विमान क्लबात पोचवायचं होतं. शिवाय आज तिने माघार घेतली असती, तर या घरात तिचा आकडा पुन्हा कुणी धरला नसता, तिनेसुद्धा. "मशीन सोडून चला. नाहीतर हो."

बाबा उतरले. मागचं दार उघडून मशीन काढलं, पोटाशी धरलं आणि गवतातून चालत जाऊन काकांपासून दहा पावलांवर एका दगडावर बसले.

"उद्या सकाळची बस आहे, दादा," काका म्हणाले. "रात्री झोपशील कुठे?"

बाबांनी मशीन मांडीवर नीट घेतलं.

मुलीने आईला पुढे बसवलं. कागदावर एक्क्याऐंशीवर आडवी रेघ मारली, साडेबारावर दुसरी, आणि बेरीज पुन्हा केली. विमान पट्टीच्या अर्ध्यातच उचललं, झाडं कितीतरी खाली राहिली. वळताना तिने पंख कलता केला. खाली दोन माणसं तेवढ्याच अंतरावर होती, एक बसलेलं, एक उभं.

"आपण पोचलो की घरी फोन करतील," ती म्हणाली.

"मला करतील," आई म्हणाली. "तुला नाही."