बांगडूची जात

कुत्र्याकडे नुसतं पाहून त्याची जात सांगण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं आमच्या केंद्रात सगळे म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगायचो. केंद्र जोगेश्वरीला, एका जुन्या गाळ्यात. रस्त्यावरचे कुत्रे गाडीतून आणायचे, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचलले तिथेच नेऊन सोडायचे, हे आमचं काम. मी हर्षद परब, नोंदणीच्या टेबलावर बसतो. आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फॉर्म मी भरतो. रंग, वय, वजन, जात.

वजन काट्यावर कळतं. जातीचा रकाना माझ्या मर्जीवर.

ही खोड घरातूनच आली. माझे वडील मालवणकडचे, उभा जन्म गिरणीत काढलेला. चारकोपला आमच्या घरी नवा माणूस आला की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी ते विचारायचे, 'गाव खंयचो?' मग आडनावावरून, बोलण्याच्या हेलावरून त्याची वाडी, त्याचं ग्रामदैवत, त्याची सोयरीक कुठे असेल ते सगळं तेच त्याला सांगायचे. चुकले तरी कबूल करायचे नाहीत. मी तेच कुत्र्यांवर सुरू केलं. जबडा रुंद, म्हणजे पिटबुल. केस लांब, म्हणजे पॉमेरियन. आमची डॉक्टर श्रुतिका हसायची. म्हणायची, हर्षद, असले जबडे मुंबईच्या प्रत्येक गल्लीत आहेत. मी म्हणायचो, तू ऑपरेशन कर गं, खानदान मी बघतो.

जानेवारीत वेसाव्याच्या कोळीवाड्यातून अकरा कुत्रे आले. त्यातला एक उभ्या कानांचा होता. पाठ काळी, पोट पांढरट, छाती भरलेली. बाकीचे भुंकून गाळा डोक्यावर घेत होते आणि हा पिंजऱ्यात गप्प बसून दाराकडे बघत होता. गळ्यात मासेमारीच्या जाळ्याची निळी दोरी बांधलेली होती. ऑपरेशनच्या आधी गळ्यात काही ठेवत नाहीत, म्हणून मी ती कापून टाकली. दोरी कोणी बांधली असेल असा विचार मनात आला नाही. फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता. जातीचा होता, तिथे मी 'अल्सेशियन मिक्स' लिहिलं.

आमच्याकडे पद्धत अशी की गावठी कुत्रा आपल्या जागेवर परत जातो. जातीचा दिसला, तर कोणीतरी पाळून टाकून दिलाय असं धरतात. त्याला रस्त्यावर सोडत नाहीत. पंधरा दिवस मालकाची वाट बघायची आणि मग दत्तक द्यायचा. माझ्या दोन शब्दांनी हा कुत्रा त्या दुसऱ्या रांगेत गेला. अल्सेशियन मिक्स म्हटल्यावर लोकांचे फोन येतातच. मुलुंडचं एक जोडपं आलं, सही केली आणि गाडीत घालून त्याला घेऊन गेलं. दहा कुत्रे कोळीवाड्यात परत गेले आणि एकाचं नशीब उघडलं, असं मी त्या दिवशी घरी सांगितलंसुद्धा.

मार्चच्या अखेरीस सखुबाई आली. सत्तरीच्या पुढची कोळीण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टेबलाच्या कडेला हात लावत लावत ती माझ्यापर्यंत पोचली आणि तिने विचारलं की तिचा बांगडू कधी आणून सोडणार.

मी तिला बसवलं. मग तिने सगळं सांगितलं. नवरा गेल्यापासून ती घरात एकटी होती. बांगडू पिल्लू असताना तिच्या दाराशी आला. पाठ काळी आणि पोट पांढरं, बांगड्यासारखं, म्हणून तिने त्याचं नाव बांगडू ठेवलं. बांबूंवर बोंबील वाळत घातले की तो खाली बसायचा, कावळ्यांना आणि मांजरांना जवळ येऊ द्यायचा नाही, पण ती देईपर्यंत स्वतः एकाही बोंबलाला तोंड लावायचा नाही. तिला दिसेनासं झालं तसा तो गल्लीतून तिच्या पुढे चालायला लागला. आमच्या गाडीच्या माणसांना तो काही केल्या सापडत नव्हता. चार दिवसांत परत आणतो असा त्यांनी शब्द दिला, म्हणून तिने स्वतः त्याला हाक मारली आणि धरून त्यांच्या हातात दिला. आठव्या दिवशी ती आमच्या फाटकाशी आली होती. रखवालदाराने सांगितलं की कोळीवाड्याचे सगळे सोडले. ती परत गेली आणि वाट बघत राहिली.

आठव्या दिवशी तो आतच होता, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर.

चौकशी करतो मावशी, रविवारी मीच घरी येतो, एवढंच मी बोललो. त्याच संध्याकाळी मुलुंडला गेलो. दार विनिता नावाच्या बाईंनी उघडलं. त्यांनीच दत्तकाच्या कागदावर सही केली होती. त्यांनी मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच मोबाइल काढून डीएनए तपासणीचा अहवाल दाखवला. हौसेने त्यांनी कुत्र्याची लाळ तपासायला पाठवली होती. उत्तर आलं की अल्सेशियनचा त्यात अंशही नाही, कुत्रा पूर्ण गावठी आहे.

"महिना झाला, खाली सोडला," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरचाच होता ना? मग रस्त्यावर राहील की."

माझं डोकं भडकलं. सुनवावं असं फार होतं मनात. पण त्यांनी आमचा फॉर्म पुढे धरला आणि त्यावरचं अक्षर माझं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर मी एका जिवाला घरातून काढून परक्या गल्लीत टाकलं होतं. जिना उतरताना मला स्वतःची शिसारी आली.

श्रुतिकाला सांगितलं. ती म्हणाली, जा आणि सखुबाईला खरं सांग, आजच. मी रविवारी वेसाव्याला गेलो आणि खोटं बोललो. मुलुंडला मोठ्या घरात आहे म्हणालो, माणसं चांगली आहेत, गादीवर झोपतो. तिचा चेहरा बघून माझी हिंमतच झाली नाही. मला वाटलं ती भांडेल, माझा कुत्रा आणून दे म्हणेल. ती म्हणाली, सुखात हाय तर राहू दे, इथं काय ठेवलंय. आत जाऊन सुक्या बोंबलांचं पुडकं बांधून आणलं. त्याला दे म्हणाली, मोठ्या घरात बोंबील कोण देणार त्याला.

त्या रविवारी आणि पुढचे दोन रविवार हेच झालं. सकाळी वेसाव्याहून पुडकं घ्यायचं, तो कसा आहे ते रचून सांगायचं आणि मग मुलुंडच्या त्या इमारतीभोवतीच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. मंडईमागे, नाल्याच्या कडेला, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर. बोंबलाच्या वासाने कुत्रे मागे लागायचे. उभे कान, काळी पाठ, भरलेली छाती असा एकही त्यांत नव्हता. पुडकं मी घरी आणून माळ्यावर ठेवायचो. त्याचा वास घरभर सुटला होता आणि आई विचारत होती, मी सांगत नव्हतो.

चौथ्या रविवारी सखुबाई तयार होऊन बसली होती. नवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर.

"आज मीपन येते," ती म्हणाली. "लांबच उभी राहीन. तेला हाक नाय मारायची. माजा आवाज आयकला तर तिथं रमायचा नाय."

मग मला पुढे रेटता येईना. तिच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. दोरी, फॉर्म, लाळ, मुलुंड, गादी. माझे मलाच हुंदके आवरेनात. ती हलली नाही. आता ही मला चपलेने मारेल असं मला वाटलं, आणि तिने मारावं असंही वाटलं.

तिने पुडकं चाचपलं, आत गेली आणि त्यात आणखी दोन मुठी बोंबील घालून आणले.

"घरात नाय तर भायेर हाय," ती म्हणाली. "भायेरच्याला जास्त लागतात. चल, रिक्षा बोलव."

मुलुंडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी सवयीने प्रत्येक कुत्रा न्याहाळत होतो. सखुबाईला दिसतच नव्हतं. माझा दंड धरून ती चालत होती आणि दर दहा पावलांवर थांबून मासळी विकताना देतात तशी आरोळी देत होती. "बांगडू रे, बांगडू." लोक खिडक्यांतून बघायला लागले. एक गल्ली झाली, दुसरी झाली. मी म्हटलं, मावशी, दमलात, बसा. तिने ऐकलं नाही.

मंडईमागे एका हातगाडीखाली काहीतरी हाललं. एक कुत्रा बाहेर आला. पाठीवरचे केस लुतीने गेलेले, कातडी राखाडी, एक कान फाटून लोंबलेला, फासळ्या मोजाव्यात असा. तो आधी उभा राहिला. मग पोट जमिनीला घासत, कुंईकुंई करत तो तिच्या पायांशी आला आणि तिच्या पावलांवर तोंड ठेवून पडला. ती खाली बसली. तिचा हात त्याच्या डोक्यावरून, फाटक्या कानावरून, उघड्या पाठीवरून फिरला.

"किती वाळलास रे," एवढंच ती म्हणाली.

हा कुत्रा मला नवा नव्हता. दुसऱ्या रविवारी हाच पुडक्याच्या वासाने गल्लीच्या टोकापर्यंत माझ्यामागे आला होता. मी थांबून त्याला नीट पाहिलं होतं. गावठी, म्हातारा, आपला नव्हे, असं ठरवलं होतं. बोंबील बांगडूसाठी आहेत म्हणून दगड उचलून त्याला मारला होता. दगड लागला होता.

सखुबाईने पुडकं सोडून माझ्या हातात दिलं. तू दे, म्हणाली, तूच शोधत होतास इतके दिवस. मी एक बोंबील घेऊन वाकलो. तो उठला, शेपटी पोटात घातली आणि लंगडत तिच्या लुगड्यामागे जाऊन लपला.

"का रे?" तिने विचारलं. "तुला का घाबरतो तो?"

मी तेही तिला सांगितलं.