अक्कानं घेतलेलं नाव

मी कुंदाबाई, तोंडाची फटकळ. नवऱ्याला नावानं हाक मारते, भांडण झालं तर आडनावासकट. पण त्या दिवशी धुळ्याच्या कोर्टात मला तोंडाला कुलूप लावून बसावं लागलं. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात माझा मुलगा प्रशील उभा होता.

शिंदखेड्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरखाली शाळेतली पोरगी गेली. त्या लेकराच्या आईकडे मला आजही बघवत नाही. ट्रॅक्टर चालवत होता मालक, भाईदास. प्रशील मजूर, मागे ट्रॉलीत बसलेला. पण मालकानं सांगितलं, चालवत हाच होता, आणि पोलिसांनी तेच धरलं. बळी तो कान पिळी, दुसरं काय! बघणारी एकटी, बांधावर शेंगा तोडणारी आमची शेजारीण नर्मदाअक्का. ती आपणहून साक्षीला आली.

आमच्या वकिलांनी विचारलं तेव्हा तिनं नीट सांगितलं, मालकच चालवत होता. मग सरकारी वकील उलटतपासणीला उठले. ट्रॅक्टर तर आईच्या नावावर आहे, म्हणाले, आणि घरात भाऊ तीन. मालक म्हणजे नेमका कोण? नाव सांगा.

अक्कानं वळून माझ्याकडे बघितलं.

अक्काच्या नवऱ्याचं नावही भाईदासच. ते वारले, पण तिनं ते नाव कधी ओठावर आणलं नाही, दुसऱ्या कुणाचं असलं तरी नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा तिच्या वतीनं नाव मीच सांगायची. इथं मला कोण सांगू देणार?

वकिलांनी पुन्हा विचारलं. अक्का खाली बघून पुटपुटली, आमच्या ह्यांच्याच नावाचा.

"म्हणजे तुमचे यजमान चालवत होते? ते तर वारलेत ना?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मेल्याची जीभ झडो, असं मनात आलं. आमचे वकील उठले, तर साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नका म्हणून त्यांना बसवलं. मी अर्धी उठले, तर पट्टेवाल्यानं डोळे वटारले. जज्जबाई शांतपणे म्हणाल्या, आजी, नाव तुम्हालाच घ्यावं लागेल, नाहीतर साक्षीदाराला नाव सांगता आलं नाही असं लिहावं लागेल.

अक्कानं प्रशीलकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"भाईदास," ती म्हणाली.

टाइप करणाऱ्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. तेव्हा मात्र अख्ख्या कोर्टानं ऐकलं.

"भाईदास. तोच व्हता ट्रॅक्टरवर."

सरकारी वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, निकाल लागायचाय, पण आता आशा धरा. मला नाचावंसं वाटत होतं. बघते तर अक्का व्हरांड्यातल्या बाकावर तोंडाला पदर लावून रडतेय.

"जन्मभर तेस्नं नाव लिधं नही," ती म्हणाली. "नी आज लिधं, ते त्या पापीसाठे."

मी तिचे दोन्ही हात धरले. माझेही डोळे वाहत होते.

"त्याच्यासाठे नही, अक्का. मना पोऱ्यासाठे लिधं."